दिसू

आफ्रिकेत कसली थंडी!
बॅगेत भरले सुती ड्रेस पाच, गॉगल,
पन्नास नंबरचं सनस्क्रीन, लिंबू सरबताची पावडर.
विषुववृत्त ओलांडलं की ऋतू उलटे होतात
हे मी एकतीस वर्षं सातवीला शिकवलं,
फळ्यावर तिरकी पृथ्वी काढून.

लेसोथोच्या डोंगरात, जूनच्या चौदा तारखेला
त्सेलिसोची जीप घाटात थांबली.
पुढचा रस्ता कुणीतरी खडूच्या डस्टरनं
पुसून टाकला होता.
"अक्ष कललेला असतो," मी म्हणाले.
तो म्हणाला, "मॅडम, चाला."

गोल दगडी घर. दारात मादिनेओ.
तिनं माझ्या सँडलमधली दहा बोटं
एकेक मोजल्यासारखी पाहिली
आणि म्हणाली, "हो आ बाता."
मला त्यातलं फक्त "हो" कळलं.
मीही म्हणाले, हो.
त्सेलिसोनं मागाहून अर्थ सांगितला: गारठा आहे.
हो, बाई. हो.

तिनं विस्तवात काळी, जाड ढेकळं सरकवली,
मेंढवाड्यातून खणून वाळवलेली.
शेणी, मी म्हणाले.
दिसू, ती म्हणाली.
शेणी.
दिसू.
धुरानं डोळे गळत राहिले, नाक गळत राहिलं,
आणि मग खरंच एकेक दिसू लागलं:
पत्र्याची ट्रंक, पिवळा कॅन,
भिंतीवर मार्चातच अडकलेलं कॅलेंडर.

मग हातात दिला गरम, आंबट, पातळ काहीतरी भरलेला मग.
"आंबील!" मी एवढ्यानं ओरडले की ती दचकली.
दुसऱ्या घोटाला कळलं, नाही.
ताक नाही, जिरं नाही.
ज्वारी तीच, पण तिनं तिच्या रीतीनं आंबवलेली.
तीन मग प्यायले.

ट्रंकेतून निघालं तपकिरी ब्लँकेट,
त्यावर विणलेलं मक्याचं कणीस.
छातीशी टाचायला मी बांगडीतली सेफ्टी पिन काढून दिली.
पहिल्याच घडीला ती वाकली.
मादिनेओ पोट धरून हसली,
स्वतःची बोटभर लांब पिन काढून मला लावली,
आणि रात्रभर आपलं ब्लँकेट
एका मुठीत धरून बसली.

उशिरा दार ढकलून मोलेफी आला.
बारा-तेराचा. खांद्यांवर पोतं, पोत्यावर बर्फ,
काखेत अवेळी जन्मलेलं कोकरू.
त्यानं माझ्याकडे पाहिलं.
माझ्याकडे नाही, कणसाकडे.
मी पिनेला हात घातला.
मादिनेओनं तो हात धरला, खाली ठेवला.
तो कोकरू घेऊन विस्तवाशी बसला,
जणू ब्लँकेट पाहुण्यांचंच असतं.

मला आपलं एवढंच सुचलं.
ठिपक्यांची ओढणी सोडली
आणि त्याच्या कानांवरून घेऊन
हनुवटीखाली गाठ मारली,
सहलीत सातवी ब मधल्या कुणालाही बांधली असती तशी घट्ट.
तो कोकराच्या कानात काहीतरी बोलला.
सगळे हसले.
त्सेलिसोनं या वेळी अर्थ सांगितला नाही.

तिसऱ्या दिवशी रस्ता सुटला.
ब्लँकेट घडी करून दिलं, पिनेसकट.

घरी बॅग उघडली.
सनस्क्रीनचं सीलही तुटलेलं नाही.
पाचही ड्रेस एकावर एक अंगावर चढवलेले,
धुरानं माखलेले. अजून धुतले नाहीत.
ओढणी नाही.
वाकडी पिन परत बांगडीत अडकवली आहे.
काही धरत नाही ती.