नियमित क्रियापदे, इयत्ता सहावी

जानेवारी. खानापुरात वीटभट्ट्या पेटल्यात.
खिडकीतनं धूर येतो
आणि पटावरची सतरा नावं आळीपाळीनं खोकतात.
फळ्यावर मी लिहितो: वॉक, प्ले, वेट.
ही गरीब क्रियापदं, सांगतो,
सांगितलं तसं वागणारी.
भूतकाळ हवा असेल तर शेपटाला ई आणि डी लावा,
बस्स, काल झाला.

मागच्या बाकावरनं लक्कप्पा:
‘सर, ईडी लागली!’
वर्ग हसतो. मीही हसतो.
बातम्या भट्टीवरच्या पोरांपर्यंतही पोचतात तर.

लिहिताना ईडी एकच, म्हणतो,
तोंडात तिचे आवाज तीन.
वॉक्ट, इथं ट.
प्लेड, इथं ड.
वेटिड, इथं मात्र ती आख्खी उच्चारायची.
आमच्या आजोबांनी ते क्रियापद साठ वर्षं चालवलं,
पेपरात तारखेची बातमी शोधत,
हा तालुका कुणाचा ठरतोय बघत,
शेवटच्या इडपर्यंत.
हे पोरांना सांगत नाही.

शेवंता हलगेकर हात वर करते.
बापाच्या साच्यातली लाल माती
अजून नखांत.
‘सर, वॉक्डमधी बाई कशी वळखायची?’
नाही ओळखायची. आय वॉक्ड.
बाई असो, बुवा असो.
‘मग बरं की ओ.
मराठीच्या बाई माझी वही लाल करत्यात,
आलो न्हवं, आले म्हण, म्हणत्यात.
आमच्या घरात आई बी आलो,
आजी बी आलो, मी बी आलो.’

मग बसवराज उठतो,
कन्नड शाळा लांब पडते म्हणून
ज्याला त्याच्या अप्पानं इथं घातलंय.
‘आमच्यात पण तसंच, सर.
अव्वा पण बंदे, अप्पा पण बंदे.’
आणि शेवंताकडं असा बघतो
जसं दोघांच्या परड्यांखाली
एकाच झऱ्याचं पाणी निघालं.

मी फळ्याकडं वळतो.

पुण्यात, माझ्या पहिल्या नोकरीच्या खोलीवर
आई आली होती,
पिशवीत मांडे, पेपरात गुंडाळलेले, अर्धे मोडलेले.
दारातनंच म्हणाली, ‘आलो रे बाबा.’
घरमालकीण हसली.
वाईट नव्हती बाई, हसली फक्त.
मी आईला बाजूला घेतलं:
आले म्हणावं, आई.
करेक्ट, करेक्टेड.
इथंही ईडी आख्खी.

पुढचे दोन दिवस
ती क्रियापदं टाळून बोलली.
चहा? नको.
कुठं? देवळात.
स्टँडवर एसटीच्या खिडकीतनं
नुसता हात.

स्टॉप, स्टॉप्ड. पी दोनदा लिहायचा,
पोरं नेहमी एकच लिहितात.
क्राय, क्राइड. वाय काढून आय घालायचा.
बारा वर्षं हे नियम सांगतोय,
उदाहरणं पुस्तकातली देतोय.

घंटा.
उद्यापासून अनियमित, ओरडतो मी गोंगाटावरनं,
गो, वेंट! त्यांना शेपूट नसतं,
ती पाठच करावी लागतात!
कुणी ऐकत नाही.
बसवराज शेवंताचं रबर घेऊन पळतो.
ती दारात थांबते, एका खांद्यावर दप्तर,
भट्टीवर जेवणाचा डबा पोचवायचाय:
‘सर, येतो मी.’
तोंडाशी आलेलं
खडूच्या धुळीबरोबर गिळतो.
‘ये,’ म्हणतो.

तिसरा रकाना राहिलाच, आयएनजीचा.
वेटिंगच्या समोर मी आमच्याकडचं लिहितो,
थांबूलालो.
डस्टर हातात घेतो, ठेवतो.

आईला फोन लावलाय.
तिकडं रिंग वाजूलालीय.