डावीकडची शून्यं

लाभांशाची पत्रं मीच काढली, अकराशे बारा.
एक्सेलमध्ये रकमा शहाण्यासारख्या उभ्या होत्या.
पत्रात उतरल्या आणि
आठशे बेचाळीस रुपये चाळीस पैशांचे
एकोणचाळीस झाले, पुढे नवांची रांग,
शेवटी एक आठ, धापा टाकत.
गठ्ठे बांधून पोस्टात टाकले.

तिसऱ्या दिवशी पेखळेकाका आले,
जेलरोडवरून सायकलने.
चौतीस वर्षं प्रेसमध्ये नोटांचे नंबर तपासलेले.
पत्रावर लाल पेन्सिलीचे दोन गोल.
"पैशाला दोनच घरं असतात, पोरी.
बाकीचे हे कोण पाहुणे?"
मी म्हटलं, कॉम्प्युटर आहे, काका.
ते हसले नाहीत.

दुसरा गोल सभासद क्रमांकावर.
शून्य शून्य चारशे सतराचा
नुसता चारशे सतरा झालेला.
"डावीकडच्या शून्याला किंमत नसते म्हणतात.
नोटेवरचं एक खोडून बघ,
बिटकोला चहा तरी देतं का कोणी."

संध्याकाळी आल्ट धरून एफ-नऊ दाबलं.
पत्राची कातडी सोलली गेली:
महिरपी कंसात रक्कम, मुकी.
तिच्यामागे लावली तिरपी रेघ, जाळीची खूण,
शून्य, टिंब, शून्य, शून्य.
क्रमांकाला पाच शून्यं दिली,
लागतील तेवढी ठेवून घेईल.

पुन्हा छापलं ते एकच पत्र.
उरलेल्या अकराशे अकरांनी
नऊ मोजले नसतील,
की मोजून गप्प बसलेत?
पाकिटावर पिनकोड लिहिला, बोट ठेवून वाचला:
चार दोन दोन, एक शून्य एक.
नाशिकरोड.