फोटोखालचं नाव

फोटोखाली तुमचं नाव होतं, मुंगीएवढं.
छाया : इरफान नागौरी.
आधी मी ते वाचलं, खरंच, आधी ते.
पुन्हा वर बघायची हिंमत होईपर्यंत
गॅसवरचं दूध उतू गेलं होतं.

सांवेर रोडवरचं शीतगृह संध्याकाळी बसलं
बटाट्याच्या पोत्यांसकट.
रात्री टीव्हीवर नऊ नावं आली, त्यात श्रीरंग नव्हता,
फोन लागत नव्हता,
म्हणून आम्ही म्हणत होतो, उज्जैनला गेला असेल.
आई म्हणाली, स्वेटर नेलाय का त्यानं?

सकाळी लोकमान्य नगरात पेपर पडला.
सिमेंटचा ढीग, सळया,
आणि मनगटापर्यंत एक हात.
डावा. घड्याळाची तबकडी आतल्या बाजूला.

भाऊ असंच बांधायचे, त्यांचं बघून हा.
कॉलेजात पोरं चिडवायची, वेळ बघतोस की नाडी?
अख्ख्या इंदुरात असे दोनच हात मला माहीत होते.
एक आम्ही आठ वर्षांपूर्वी
जुनी इंदूरला जाळून आलो.

चेहरा नव्हता. तुम्ही वगळलात,
की संपादकांनी कापला,
की तो मुळात ढिगाखालीच होता?
शेजारचे शेवडेकाका म्हणाले, सभ्यपणे छापलंय बाकी.
धुळीनं माखलेला चेहरा
कुणाचाही वाटला असता कदाचित.
हातानं मात्र मला नावानं हाक मारली.

खाली ओळ होती : मलब्यात दबलेला मजूर.
मजूर नव्हता हो तो. हिशेब तपासायला गेला होता.
त्याला चाललं असतं, हसला असता,
मलाच ती चूक टोचली, तशाही वेळी टोचली.
किती लहान असतो आपण.

दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या पोहेवाल्याकडे
तेच पान, चौकोनी फाडून, दगडाखाली.
वरच्या तुकड्यावर तेलाचा डाग, डागात तबकडी.
सगळी चळत मला विकत द्या म्हटलं.
तो म्हणाला, दीदी, रद्दी कोण विकत घेतं? घेऊन जा अशीच.
आणि मग त्यानं काहीतरी ओळखलं असावं,
कढईखालचा गॅस बंद केला.

राग तीन दिवस पुरला.
चौथ्या दिवशी बचाव पथकातला एक मुलगा आला,
चपला न काढता दारातच बोलला,
मोजणी नवावर संपली होती, ताई.
साहेबांनी जेसीबी परत पाठवलं होतं.
तो हात त्या नवांत बसेना,
म्हणून पुन्हा खणलं.

म्हणजे तुमच्या फोटोनं खणला त्याला.

मग मी तुमचा नंबर शोधला.
एकच विचारायचं होतं, इरफानभाई,
आधी कुणाला सांगितलंत, की आधी क्लिक केलंत?
तुम्ही बराच वेळ गप्प. मागे कुकरची शिट्टी.
मग म्हणालात, क्लिक आधी केलं. लगेच सांगितलंही.
मागच्या भिंतीकडे कुणी यायला तयार नव्हतं,
म्हणून छापायला दिला.

मी विश्वास ठेवला.
दुसरं काय ठेवणार?
डॉक्टर म्हणाले होते, लगेच गेला असेल.
त्या 'असेल'वर मी अजून झोपते.

फोन ठेवताना तुम्ही म्हणालात,
एक आणखी आहे, बाहेर काढतानाचा.
चेहरा आहे. कुणाला दाखवला नाही.
तुमचा आहे तो, म्हणाल तर देतो, म्हणाल तर पुसतो.

आता तुम्हीच सांगा, हा प्रश्न मला का विचारलात?
इतकी वर्षं तुम्ही लोक कुणाला विचारत होतात?

मागवला. जाड पाकीट आलं, कुरिअरनं.
विजेच्या बिलांच्या फाईलमध्ये आहे.
आईला सांगितलेलं नाही.
उघडलं नाही, फाडलंही नाही,
बिल भरायच्या दिवशी फक्त हाताला लागतं.

आणि हल्ली रद्दी घालण्याआधी
मी एकेक पान उलटून बघते.
रद्दीवाला तराजू धरून उभा असतो, कंटाळतो.
कुठला तरी पूर, कुठली तरी बस, कुठला तरी पूल.
पूर्वी मी पान मुडपायची.
आता हात बघते, बांगडी, चपलेचा अंगठा,
न जाणो कुणाच्या घरी
अजून दूध तापत असेल.