एक बोट सरकेल इतकं

अर्ज माझ्याच दुकानात झेरॉक्स झाले होते,
बसस्टँडसमोर, चाळीस प्रती,
म्हणून माझंही नाव फुकटात लागलं:
डोंगरभटक्यांसाठी प्रथमोपचार,
दोन रविवार, कन्नडच्या शाळेचा हॉल, चहासह.

शिकवायला गायसमुद्रे सिस्टर,
घाटी दवाखान्यातून रिटायर झालेल्या.
चपला कोपऱ्यात काढून
त्या सरळ फरशीवर आडव्या व्हायच्या आणि म्हणायच्या,
हं, मी बेशुद्ध. आता काय कराल?
आम्ही हसायचो.
रबरी छातीवर तीस दाब मोजताना
कुणीतरी विसावरच अडकायचं,
आणि त्रिकोणी पट्टीचं माझ्या हातून
दर वेळी लग्नातला फेटा व्हायचा.

दुसऱ्या रविवारी त्यांनी फळ्यावर साप काढला,
वाईट काढला, गांडुळासारखा.
शेजारी लिहिलं: ब्लेड नाही. दोरी नाही.
तोंड लावणं नाही. बर्फ नाही. पळणं नाही.
मी वहीत उतरवत गेले
आणि दोरीपाशी पेन थांबलं.

सोळा वर्षांपूर्वी दिगंबरदादाच्या पिंडरीला
आम्ही सगळ्यांनी मिळून सुतळी आवळली होती,
मोठ्या मायेनं.
गाठ मी मारली होती.
डॉक्टर म्हणाले, दात धामणीचे होते.
पाय सुतळीनं नेला.

अंतूरच्या वाटेवर तेव्हा
सीताफळांचे डोळे उघडायला लागले होते.
फुरकान पुढं, सायकलवाल्या पठाणांचा,
हप्त्यावर घेतलेले नवे बूट,
मोजे घोट्याखाली दुमडलेले.
कुकरची शिट्टी चढावी तसा आवाज आला,
आणि त्या झाडीत कुठला आलाय कुकर.
घोणस.
तो मटकन बसला, म्हणाला,
ताई, घरी सांगू नका.

सीताफळं तोडणाऱ्या बाया धावत आल्या.
एकीनं पदराची चिंधी टर्रकन फाडली,
एक म्हातारा गुराखी विळा घेऊन वाकला.
कामून बघत बसलाव? बांधा की लवकर!
माझे हात उठले.
खरं सांगते, उठलेच,
त्यांना अजून ती गाठ येत होती.
ते परत मांडीवर आणून ठेवायला
दोन रविवार लागले होते मला.

मग जे केलं ते अगदी साधं.
त्याला आडवा निजवला. बूट काढला.
घोट्यात दर्ग्यावरचा काळा दोरा होता,
तो म्हाताऱ्याच्याच विळ्यानं कापला.
पायाला काठी लावली, हलू नये म्हणून,
बांधली ती सैल, एक बोट सरकेल इतकी.
सूज जिथवर आली तिथं पेनानं रेघ,
शेजारी वेळ, दहा बारा.
वरती दुसरी रेघ, दहा पस्तीस.
बालाजी फोन डोक्यावर धरून
रेंजसाठी बुरुजाकडे पळाला.

म्हाताऱ्याचं घोंगडं, दोन काठ्या,
चार कोपरे. चौथ्याला तो स्वतः लागला,
विळा कमरेला खोचून, पुटपुटत,
की आमच्या येळेला असं नव्हतं.
वाटेत फुरकाननं विचारलं, मी मरतो का?
हे काही सिस्टरनी शिकवलं नव्हतं.
मी म्हणाले, बुटाचे पाच हप्ते राहिलेत,
दुकानदार मरू देईल तुला?
तो हसला, मग ओकला, मग पुन्हा हसला.
खाली एकशे आठची गाडी उभी होती.

अकरा दिवसांनी तो घरी आला.
सिस्टरना कळवलं तर त्यांनी आधी विचारलं,
रेघा किती मारल्या?

दादा संध्याकाळी दुकानात येऊन बसतो,
कुबडी मशीनला टेकवतो.
त्याला सगळं सांगितलं, पेनाच्या रेघांसकट.
बराच वेळ मशीनच आवाज करत राहिलं.
मग म्हणाला, सैल म्हणजे किती गं?
एक बोट सरकेल इतकं, मी म्हणाले.
त्यानं खाली बघितलं,
पँटच्या रिकाम्या पायाला त्यानं मारलेली गाठ,
तिच्यात बोट घातलं,
आणि गेलं का ते बघत बसला.