डाव्या बाजूनं

रात्री नऊनंतर तिला काही घालू नका,
डॉक्टर हुक्केरींनी बजावलं होतं. पाणी चालेल, पहाटेपर्यंत.
तर रात्रभर बेरिंग रिकामं ताट
नाकानं ढकलत उद्यमनगरच्या शेडभर हिंडली,
लेथखाली, पत्र्याच्या कातरणापाशी,
आणि मी दौलूला दम भरला :
बिस्कीट दाखवलंस तर बघ.

नाव दौलूनंच ठेवलेलं.
अकरा वर्षांमागं बेरिंगच्या खोक्यात सापडली,
मुठीएवढी, ग्रीसनं माखलेली.

दोन वर्षं तिच्या तोंडाला वास मारत होता.
कुत्र्याच्या तोंडाला काय अत्तर लावलंय व्हय,
म्हणून आम्ही हसलो.
मग ती भाकरी डाव्या बाजूनं चावू लागली,
मान कलती करून.
मी चावतो तशी.

सुबराव पोतदारांच्या मेहुण्याचा कुत्रा
टेबलावर गेला तो उठलाच नाही.
हे एक वाक्य खिशात घालून मी दोन वर्षं फिरलो.
एक जण म्हणाला, भूल कशाला,
चौघांनी दाबून धरायचं, पाचशेत खरवडून देतो.
ते ऐकून डॉक्टरांनी तिचा ओठ वर केला.
"दिसतंय ते निघेल, मेस्त्री.
हिरडीखालचं कोण बघणार?
आणि हे चौघं तिच्या आयुष्यभर ध्यानात राहतील."

रक्त तपासलं. मूत्रपिंड ठीक, यकृत ठीक,
छातीत मात्र बारीक फुसफुस.
झडप थोडी गळतीय, म्हणाल्या.
गळका व्हॉल्व्ह म्हणजे काय, हे मला सांगायला नको.
कमी प्रेशरवर चालवायचा, आणि जवळून हलायचं नाही.
"तसंच करू," म्हणाल्या.

कागदावर सही.
आपल्यात भूल म्हणजे ती सुईतली, आणि भूल म्हणजे चूकही.
'प्राण्याशी नाते' असा रकाना होता.
मालक लिहिलं, खोडलं,
तशीच ठेवली खाडाखोड.

पुढच्या पायावर भादरलेला रुपयाएवढा तुकडा.
दुधासारखं पांढरं काहीतरी सुईतून गेलं
आणि माझ्या दंडावरचं डोकं
एकदम जड झालं.
मग मला दाराबाहेर काढलं. दार अर्धं उघडं ठेवलं, मी मागितलं म्हणून.
घशात नळी, धुतलेलं पाणी छातीत उतरू नये यासाठी.
जिभेला चिमटा. अंगाखाली गरम पिशव्या, टॉवेलात गुंडाळलेल्या.
मुजावर नावाचं पोरगं नुसतं पडद्याकडं बघत बसलेलं,
पाच-पाच मिनिटांनी आकडे लिहीत,
फोनला एकदाही हात न लावता.
असलं एक पोरगं मला वीस वर्षांत मिळालं नाही.

खडा सुटला की स्केलरचा सूर बदलतो,
धातूत टिप उतरावी तसा. माझे कान त्यालाच लागलेले.
एक्स-रेत उजव्या मोठ्या दाढेच्या मुळाशी काळी पोकळी,
हरभऱ्याएवढी.
हे तोंडात घेऊन
ती रोज सकाळी गेटवर शेपूट हलवत यायची.

मध्येच यंत्र वेगळं वाजलं.
डॉक्टरांचा हात थांबला. बटण जरा मागं.
मुजावरनं आकडा मोठ्यानं वाचला.
पुन्हा वाचला.
भिंतीवरच्या कॅलेंडरात कुणीतरी दुधाचा हिशोब मांडलेला,
तो मी चार वेळा केला, चारही वेळा चुकला.
मग पूर्वीचा आवाज.

तीन दाढा. स्टीलच्या वाटीत. टण.
बऱ्याच वेळानं टण. टण.

शुद्धीवर येताना तिनं आधी घोट गिळला.
त्याच घोटाची वाट बघत होते सगळे, लगेच नळी काढली.
मग ती कण्हली, एका आवाजात
जो मी फक्त खोक्यात ऐकला होता.

"आता रोज ब्रश," डॉक्टर म्हणाल्या,
"आणि आपली पेस्ट लावू नका, ती गिळते."
मग माझ्या गालाकडं बघून :
"तुमचं कधी?"

रात्री दौलूनं मऊ भात कालवला.
तिनं चाटला, थांबली, पुन्हा चाटला.
मी शेजारी बसून भाकरी खाल्ली, डाव्या बाजूनं.
दाभोळकर कॉर्नरला दाताच्या डॉक्टरचा एक बोर्ड आहे,
किती वर्षं वाचतोय.
सकाळी बघू, म्हटलं,
आणि घड्याळाकडं नजर गेली.
नऊ वाजायचे होते.