प्रात्यक्षिक क्रमांक सात

प्रयोगशाळेच्या दाराशी, चपलांच्या फळीशेजारी,
ऑइलपेंटच्या रिकाम्या डब्यात ऱ्हीओ होता.
पान वरून हिरवं, खालून वांग्याच्या सालीसारखं.
सोमवारी ढमाले मामा त्याला पाणी घालत,
मंगळवारी आम्ही अठ्ठावीस जण त्याला ओरबाडत.
खडकीच्या त्या शाळेत
इतकं सोशिक दुसरं कुणी नव्हतं.

पान तिरकं फाडायचं.
कडेला सुटतो पापुद्रा,
दुधावरच्या सायीहून पातळ, जेमतेम जांभळा.
तो ब्रशच्या टोकावर, थेंबात, काचपट्टीवर.
वरून आच्छादक काच. हळू. सुईच्या आधारानं.
माझी धप्पकन पडली.

सूक्ष्मदर्शी पाच. चौथ्याचा स्क्रू घसरायचा,
तो अर्थात आमच्या वाट्याला,
माझ्या आणि नौशीन बागवानच्या.
आरसा फिरवून फिरवून उजेड पकडला
तर आधी खिडकीचे गज दिसले,
मग मैदानातलं पर्जन्यवृक्षाचं झाड, उलटं, हलणारं,
मग काळे जाड केस.
"बाई, मुळं दिसतायत!"
"पापणी आहे तुझी ती," तुळपुळे बाई म्हणाल्या,
"जरा लांबून बघ."

लांबून बघितलं. दिसली.
वाटोळी, ठसठशीत, भिंत काळीभोर.
अर्धा तास खपून काढली, एचबी पेन्सिलनं, शेडिंग न करता,
नावं उजवीकडे, रेघा पट्टीनं.
पेशीभित्तिका. पेशीद्रव्य.
केंद्रक सापडलं नाही म्हणून प्रश्नचिन्ह.

बाईंनी वही तिरकी धरली.
"हा हवेचा बुडबुडा आहे."
सगळा वर्ग हसला.
बाईंनी माझी नावं खोडली, खाली लिहिलं
*हवेचा बुडबुडा. दिसला तसा काढला आहे.*
दहापैकी सात.
नौशीनची आकृती थेट पुस्तकातली,
रक्षक पेशींना घेवड्याच्या दाण्याचा आकार, देखणी.
तिला चार.
ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

तिसऱ्या दिवशी मिठाचं पाणी.
एका बाजूनं थेंब, दुसऱ्या बाजूला टिपकागद,
आणि आमच्या डोळ्यांदेखत जांभळा रंग
भिंतीपासून सुटून मध्ये गोळा झाला.
पुस्तकात त्याला रससंकोच म्हणतात.
"रुसली," नौशीन म्हणाली.
मग साधं पाणी सोडलं. पसरली पुन्हा
कोपऱ्यापर्यंत.
सगळ्या नाही. चारपाच तशाच राहिल्या,
मुठी आवळून.
बाई, ह्यांचं काय?
"येत नाहीत काही परत. तेही लिहा."
वहीत त्यासाठी जागा नव्हती. समासात लिहिलं.

फेब्रुवारीत बाहेरचे परीक्षक आले.
आदल्या दिवशी ऱ्हीओ बघितला तर
तीन पानं, आणि त्यातलं एक पिवळं.
आमचे चेहरे उतरले.
सकाळी मामा सायकलवरून उतरले बोपोडीहून,
कॅरियरला डालड्याचा डबा,
त्यात ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली पानं,
मोजून चाळीस.
म्हणे, दर वर्षी एक फांदी घरी नेतो.
हे असलं होणार, माहीत असतं.

परीक्षा संपली. बाई परीक्षकांना चहाला घेऊन गेल्या.
मामा काचा गोळा करत होते.
नौशीन म्हणाली, मामा, बघता का?
"मी काय बघणार?"
तरी वाकले. एक डोळा घट्ट मिटून,
हात पाठीशी, काही मोडेल म्हणून.
"केसं दिसतात."
जरा लांबून, आम्ही दोघी एकदम म्हणालो.

मग ते बराच वेळ काही बोलले नाहीत.
कारखान्याचा बाराचा भोंगा झाला, तरी नाही.
"फरशी घातलीय कुणीतरी," म्हणाले. "जांभळी.
अन् मधी मधी ही तोंडं उघडी."
ती पर्णरंध्रं, मामा.
"एकोणीस वर्षं पाणी घालतोय," डोळा न काढता ते म्हणाले,
"ते इथवर पोचतं होय?"

मग सरळ झाले, चष्मा पुसला,
आणि नळाखाली
आमच्या अठ्ठावीस काचा धुवायला घेतल्या,
एक मात्र बाजूला ठेवून.