सत्तर पावलं

पहाटे सहाची कणकुंबी गाडी.
"एवढीशीच सॅक? आणि दिवस चार?"
तिकीट कन्नडमधलं, कंडक्टरचा प्रश्न मराठीतला,
सुटे पैसे दोन्ही भाषांत नव्हते.

आत काय आहे सांगते.
पप्पांची तंबाखूची चपटी डबी. तिच्यात आता
रिठ्याची पूड, थोडी शिकेकाई;
झाकण उघडलं की अजून आधी तंबाखूच येते.
घोसाळ्याची वाळकी जाळी, अनगोळच्या आमच्या कुंपणावरची,
भाजी करायची राहून गेली म्हणून जून झालेली.
बांबूचा ब्रश, दांडा अर्धा कापलेला
(नागरत्ना हसते, "वजन वाचवालीस की दात?")
आणि सुती कापडाच्या पाच घड्या,
ज्यांचं नाव आमच्या घरात
कुणी कधी मोठ्यानं घेतलं नाही.

दुसऱ्या दुपारी ओढा लागला.
कानामागं मीठ, पोटऱ्यांवर लाल माती,
मी बुटांचे बंद सोडून सरळ आत शिरणार
तर सातेरी गावडा, आमचा वाटाड्या,
काठी आडवी धरून उभा.
"पाणी घे. पाण्यात जाऊ नको."

"रिठा आहे हो, साबण नाही."

"मग ते माशांना सांग.
आमचे आजे रिठा कुटूनच डोह गुंगवायचे.
पोटं वर करून यायचे सगळे, लहानगेसुद्धा."

मी डबीकडं बघितलं.
दीडशे रुपये जास्त दिले असते मी तिच्यावर
'निसर्गाला निरुपद्रवी' असं छापलं असतं तर.

भांडं भरलं. मोजत निघालो.
तीस पावलांवर नागरत्ना म्हणाली, पुरे की.
सातेरी मागं न बघता चालतच होता.
अडुसष्ट. एकोणसत्तर.
करवंदीच्या जाळीमागं, कातळ संपून माती जिथं मऊ होते,
तिथं.

पहिला तांब्या अंगावर पडला तेव्हा
ती ओरडली, "नीर तण्णग ऐती गं!"
मी आईचं नाव घेतलं.
दोन तांब्यांत मान, काखा, पाय,
तिसरा केसांना, आणि चौथा
नव्हताच.
घरी मी बादली भरून वाहू देते
फोनवर बोलता बोलता.

फेस मातीत मुरताना बघत बसले.
या डोंगराच्या कण्यावर पाण्याला दोन माहेरं:
इकडं कललं तर मलप्रभा, पूर्वेला, लांब,
तिकडं कललं तर म्हादई आणि गोव्याचा समुद्र.
कोणत्या थेंबावर कुणाचा हक्क
यावर केवढे कागद लिहिलेत माणसांनी.
माझं मळकं पाणी कुठंच गेलं नाही.
करवंदीनं घेतलं. मुंग्यांची एक रांग
जरा वळसा घालून गेली.

तिसऱ्या दिवशी पाळी आली.
खड्डा, भांडं, परत सत्तर पावलं,
लाल पाणी लाल मातीत, दिसलंसुद्धा नाही.
पण वाळवायचं कुठं?
मोठी मावशी परकराखाली वाळत घालायची,
कोंदट खोलीत, दोन दोन दिवस,
वास आला की वरून उदबत्ती.
मी सॅकच्या पाठीवर दोन चिमटे लावले
आणि चालायला लागले.
ऊन माझ्या मागून येत होतं.

कणकुंबीच्या अलीकडं एक बाई
भिंतीला शेण्या थापत होती.
आम्ही पुढं गेलो. तिनं हाक मारली,
"ए पोरी, थांब."
मी थांबले. सॅक पुढं ओढून घ्यावी वाटलं,
हात चिमट्यांपर्यंत गेलासुद्धा.

ती जवळ आली. शेणाचे हात
अंगापासून लांब धरून, मान वाकडी करून
तिनं कापड नीट बघितलं.

"खालची बाजू ओली हाय अजून," म्हणाली.
"उलटं कर."